आत्यांचा भिडू

रविवार, ता. २१ ऑक्टोबर १९७३

प्रिय कृपा,

तुला आणि इसहाक भाऊजींना माझा सलाम. तुझं पत्र बुधवारी मिळालं. ह्यांनी ते वाचलं, घडी घालून खिशात टाकलं आणि म्हणाले, "दोन ओळी लिहून टाक, या म्हणावं शनिवारी." ह्यांचं सगळं दोन ओळीत होतं. माझं होत नाही. रोज लिहायला बसते आणि रोज काहीतरी निघतं, कधी बाजरी वाळत घालायची असते, कधी शेळी दावं तोडते. आज उपासनेनंतर देवळातून आल्यावर चूल पेटवलीच नाही. सकाळची भाकरी ह्यांच्यापुढं सारली आणि कागद घेऊन बसले. माझं शिक्षण तुला माहीत आहे, मिशनच्या शाळेत चौथी, तीही मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेली. तेव्हा चुका काढत बसू नकोस. पोरांच्या वह्यांवर मारतेस तशा तांबड्या रेघा ह्या कागदावर मारल्यास तर पुन्हा तुला लिहिणार नाही.

तू लिहिलंयस की भाऊजींना क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आहेत, घरातच नळ आहे, वीज आहे. आत्यांना आता त्यांच्या धाकट्या लेकाकडं, कायमचं भिंगारला न्यायचं. भाऊजींच्या डेपोतल्या कुणाचा टेम्पो शनिवारी इकडं रिकामा येणार आहे, त्यात त्यांची ट्रंक आणि बाज दोन्ही बसेल. शेवटी लिहिलंयस, 'जाऊबाई, तुम्ही आत्यांचं पुष्कळ केलंत, आता आमची पाळी, तुम्ही जरा विसावा घ्या.' अक्षर किती गोल काढतेस गं तू. वाचताना जीव जळत होता आणि अक्षर बघून आणखी जळत होता. विसावा घेऊन करू काय मी? पोरगी सासरी गेली, पोरगा नागापूरला कारखान्यात लागला, सणासुदीला तोंड दाखवतो. ह्यांचं बोलणं म्हणजे एक 'व्हय' आणि एक 'न्हाई', त्यातलंही 'न्हाई' मान हलवून. विसाव्याला मी कुणाशी भांडू?

तुला सरळच सांगते, मला तुझा हेवा वाटतो. लोक असलं मनात ठेवतात. माझ्या मनात ठेवायला जागा नाही, आलं की तोंडावाटे बाहेर. देवळात मंडळीतल्या बायका म्हणतात, नाव दया आणि जीभ विळ्याची. म्हणू देत. पण तुझ्या नोकरीचा हेवा नाही मला, तुझ्या पांढऱ्या पातळांचा नाही, नळाचा तर मुळीच नाही. मला हेवा आहे तो सोंगट्यांचा. हसशील तू. चाळिशी उलटलेली बाई सोंगट्यांवरून जळते. हस, पण पुढचं वाच.

उन्हाळ्यात तू आलीस ती माझ्याच सोयीसाठी आलीस, हे मी विसरले नाही. विहिरीचा तळ दिसत होता, आम्ही दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतो आणि आत्या दिवसभर घरात एकट्या. शाळेला सुट्टी लागली तशी तू आपण होऊन आलीस. म्हणालीस, "जाऊबाई, तुम्ही बिनघोर कामावर जा, आत्यांकडं मी बघते." मला किती बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभरही टिकलं नाही. संध्याकाळी मी यायची, केसांत, नाकात, दातांत खडीची भुकटी, पदरात कामावर खायला मिळालेली, आत्यांसाठी राखून आणलेली सुकडी, आणि अंगणाच्या अलीकडंच घरातून हसणं ऐकू यायचं. तुझं हसणं ओळखू येत होतं, दुसरं कुणाचं ते कळेना. वाटलं कुणी पाहुणी आली. कृपा, इतकी वर्षं त्या घरात राहून मला माझ्या सासूचं हसणं ओळखू आलं नाही. दारात येऊन बघते तर बोळकं उघडं टाकून, मांडीवर थापा मारत हसणाऱ्या त्या आत्याच.

तुमच्या दोघींच्या मधे तो पट अंथरलेला. आत्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि म्हणाल्या, "आलीस व्हय? जरा थांब, हिची ही सोंगटी मारते. तवर च्या टाक." मी चहा टाकला. चुलीपाशी धुरात बसून ऐकत होते. कवड्या खुळखुळायच्या, मग आत्या ओरडायच्या, "पंचवीस! बघ, पंचवीस!" मग तू म्हणायचीस, "आत्या, तुम्ही फुंकर मारली कवडीवर," आणि पुन्हा तुमचं हसणं. आणि तो शब्द, भिडू. "काय गं भिडू, भ्यालीस का?" "भिडू, शेंगदाणं खा." रविवारी देवळाबाहेर सगळ्यांसमोर तुझी ओळख करून दिली ती सुद्धा, "ही माझी भिंगारची सून, माझी भिडू." मी शेजारीच उभी होते. माझी ओळख करून द्यायची गरज नव्हती म्हणा, मला सगळं गाव ओळखतं. पण तरी.

तो पट मी आधी पाहिला नव्हता असं नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी ट्रंकेतले कपडे उन्हात घालताना हाताला लागला होता. चार दिशांना चार हात पसरलेलं कापड, त्यावर तांबड्या दोऱ्यानं भरलेल्या फुल्या, कडेला एका पुरचुंडीत कवड्या आणि लाकडी सोंगट्या. विचारलं तर आत्या म्हणाल्या, "ठेव तितंच." मी ठेवला. मला एकदा नको म्हटलं की मी दुसऱ्यांदा विचारत नाही, असला माझा ताठा. तू मात्र विचारलंस. आणि तुला त्यांनी सगळं सांगितलं. पट त्यांच्या आजीनं भरलेला. नवी नवरी असताना त्या शेजारच्या झुंबरबाईबरोबर अंगणात खेळत बसल्या होत्या, तेवढ्यात त्यांचे मालक, म्हणजे आपले सासरे, आले. सासरे मंडळीचे पंच. त्यांनी ते चार हातांचं कापड बघितलं आणि कडाडले, "क्रूस भुईवर अंथरून त्याच्यावर कवड्या फेकता?" आणि आत्यांनी काय उत्तर द्यावं? "पट माज्या आजीचा हाय. क्रूस तर आत्ता आत्ता आला तुमच्या घरात." त्यावरून महिनाभर नवराबायकोचं बोलणं बंद आणि पट ट्रंकेत तो ट्रंकेतच. सासरे गेले तरी तो त्यांनी बाहेर काढला नव्हता. ही गोष्ट मला तुझ्या तोंडून कळली. माझ्या घरातली, माझ्या सासूची गोष्ट, आणि ती सुट्टीला आलेल्या जावेनं मला भाकरी खाताना सांगावी. तू गंमत म्हणून सांगत होतीस. मी अर्धी भाकरी टाकून हात धुतले.

जूनमध्ये तू गेलीस आणि पट पुन्हा ट्रंकेत गेला. मग तुझी पत्रं यायला लागली. आत्यांना वाचता येत नाही, ह्यांना मोठ्यानं वाचायची लाज वाटते, म्हणजे वाचायचं कुणी? मी. 'प्रिय आत्या, तुमच्याशिवाय दुपार सरत नाही. तुमची लाडकी भिडू.' हे मी माझ्या तोंडानं वाचायचं, ओट्यावर बसून, शेजारणी ऐकत असताना. एकदा शेवटची ओळ मी गाळली. आत्या कान देऊन बसलेल्या. म्हणाल्या, "एवढंच? शेवटाला भिडू न्हाई म्हनली?" मी म्हटलं, "म्हटलंय की. जरा श्वास घेत होते."

पत्र खाली ठेवलं आणि तशीच उठले, ट्रंक उघडली, पट काढून त्यांच्यापुढं टाकला. म्हटलं, "चला, माझ्याशी खेळा. तिला येतं ते मला येणार नाही होय?" आत्यांनी पट उचलला, सावकाश चौपदरी घडी घातली. म्हणाल्या, "तुझ्यानं न्हाई व्हायचं, दया. ह्या खेळाला बसावं लागतंय. तू बसतीस कुटं?" बसत नाही मी, खरं आहे. मी बसले असते तर त्यांच्या आंघोळीचं पाणी कुणी तापवलं असतं, दळण कुणी आणलं असतं, गुडघ्याला तेल कुणी चोळलं असतं? हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोलले. आणखीही बरंच बोलले. मग आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे त्या बोलत नव्हत्या. मी भांड्यांशी बोलत होते.

पण मला ते लागलं होतं. पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी झुंबरबाईकडं गेले आणि म्हटलं, मला सोंगट्या शिकव. ती म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. तिच्या गोठ्यात, म्हशीच्या पलीकडं, कोळशानं फरशीवर पट काढला. सोंगट्यांच्या जागी बांगड्यांच्या काचा आणि कवड्यांच्या जागी चिंचोके. चिंचोका फोडून दगडावर घासला की एक बाजू पांढरी होते. असे सहा फेकायचे. सगळे काळे पडले तर पंचवीस, एकच पांढरा दिसला तर दहा, असं ते असतं, तुला काय सांगायचं. तुला दुपारभरात आलं म्हणे. आत्यांना मी आडून आडून विचारलं होतं, किती दिवसांत शिकली तुमची भिडू? "दुपारभरात," असं म्हणून वर "लई हुशार पोर हाय," हेही. मला पोळ्यापासून दसरा उजाडला.

कारण मला थांबता येत नाही. सोंगटी आत यायला मोठं दान पडावं लागतं, ते पडेना, तर पहिल्याच दिवशी मी चिंचोके म्हशीपुढं फेकून घरी आले. झुंबरबाईनं ते शेणातून वेचून धुऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. मी घरं बोटानं मोजत नाही, डोळ्यानं मोजते आणि एक घर पुढं जाऊन बसते, म्हातारी माझ्या हातावर फटका मारायची. समोरची सोंगटी दिसली की मला मारायचीच. फुलीवर थांबलं तर कुणी मारत नाही, पण मला थांबायचं असतं कुठं. दोन सोंगट्या एका घरात जोडीनं बसवल्या की जुग होतं आणि जुगाला धक्का लागत नाही, हे तिनं मला घसा बसेस्तोवर सांगितलं. मला एकीला बसवून दुसरीची वाट बघायची म्हटलं की तळपायाला मुंग्या येतात. "अगं मारक्या म्हशीवानी काय करतीस! तुला घरला जायाचंय का मारामाऱ्या करायच्यात?" मी म्हटलं, "दोन्ही." तिचा मुलगा छगन धार काढता काढता आम्हाला बघून हसायचा. त्यालाही एकदा झापला.

इथं एक सांगायला हवं. झुंबरबाईकडं आम्ही दोघीच खेळायचो, ती समोर आणि मी समोर. तू आणि आत्याही तशाच बसायचात. त्यामुळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, समोर बसते तिला मारायचं. चौघींचा खेळ कसा असतो ते झुंबरबाईनं सांगितलं नाही. तिच्या दृष्टीनं ते सांगण्यासारखं नव्हतंच, जेवायला बसताना हात धुवायचे हे कुणी सांगत नाही तसं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, झुंबरबाई आणि तिची सून चांगुणा आमच्याकडं आपट्याची पानं द्यायला आल्या. म्हाताऱ्या बोलत बसल्या आणि मधेच झुंबरबाई आत्यांना म्हणाली, "राही, काढ गं तुजा पट. चौघी हायती." आत्यांनी विचारलं, "चौथी कोन?" झुंबरबाईनं हनुवटीनं मला दाखवलं. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि ट्रंकेकडं हात केला. पट आला. आत्या भिंतीला टेकून बसल्या, झुंबरबाई त्यांच्या उजव्या हाताला बसली आणि मी घाईघाईनं जाऊन आत्यांच्या बरोबर समोर मांडी ठोकली. चांगुणा आली ती राहिलेल्या जागी बसली. मला त्यांच्या डोळ्यात डोळे घालून त्यांना हरवायचं होतं, कृपा. दुसरं काही नको होतं.

त्या दिवशी मला दानं पडली, विचारू नकोस. आत्यांच्या पिवळ्या, माझ्या काळ्या. मला नवल वाटत होतं की आत्यांना माझी सोंगटी मारता येत होती तरी त्या मारीत नव्हत्या. एकदा माझी एकटी सोंगटी चांगुणाच्या तोंडात सापडली, तर आत्यांनी स्वतःची चांगली चाल सोडून चांगुणाचीच सोंगटी मारली. मला वाटलं, मला कच्चा लिंबू समजतात. कीव करतात. तू असतीस तर मारली असती, कारण तू त्यांच्या बरोबरीची. डोकं तापलं माझं. आत्यांच्या तीन सोंगट्या घरी गेल्या होत्या. चौथी घराच्या तोंडाशी उघडी उभी होती आणि माझी तिच्यामागं चार घरांवर. मी कवड्या फेकल्या. चार पडले. मी त्यांची सोंगटी अशी उडवली की ती थेट मांजरापाशी जाऊन पडली, आणि ओरडले, "मारली! लिहून कळवू का तुमच्या भिडूला?"

चांगुणानं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "काकी, अवो भिडूलाच मारलं की तुमी!" मग झुंबरबाई जी हसायला लागली ती खोकला येऊन आडवी झाली. "अगं, समोर बसती ती आपली अस्ती! ती आन् तू एका बाजूच्या, मी आन् चांगुना एका बाजूच्या. घरला गेली अस्ती ना गं तुमची सोंगटी!" माझे कान तापले. मी उठायला लागले, म्हटलं, "चहा टाकते." आत्या म्हणाल्या, "बस खाली." मग त्या मांजरापाशी हात चाचपत सोंगटी शोधायला लागल्या. मी ती उचलून हातात दिली. ती पुन्हा पटाच्या मध्यावर ठेवत म्हणाल्या, "हसू नगा तिला. इतकी वर्सं झाली, तिला वाटतंय मी पलीकडचीच हाय." रागानं नाही म्हणाल्या. दुधाला साय आली असं सांगावं तसं म्हणाल्या, आणि कवड्या झुंबरबाईकडं सारल्या. आम्ही हरलो. चांगल्याच हरलो. उठताना गुडघ्यावर हात ठेवून त्या मला म्हणाल्या, "उद्या दुपारी कामं लवकर उरक."

मग आम्ही रोज खेळलो. बाजरीची कणसं तशीच पडून, भांडी तशीच, आणि आम्ही दोघी पटावर. तुला एक माहीत आहे का, आत्या लबाडी करतात. दान मोजायच्या निमित्तानं बोटाच्या टोकानं एखादी कवडी उलटवतात. तुझ्याशी कधी केली? नाही ना? मला वाटलंच. तुझ्याशी त्या नीट खेळल्या, पाहुण्याला नीट वाढतात तसं. माझ्याशी लबाडी करतात, मी मनगट धरते, मग म्हणतात, "डोळं गेल्यात गं माझं," आणि दुसऱ्या हातानं दुसरी कवडी उलटवतात. आमचं एवढं भांडण होतं की रस्त्यानं जाणारा थांबून बघतो. गेल्या मंगळवारी मी एक जुग केलं. दोन सोंगट्या जोडीनं बसवल्या आणि तिसरी येईपर्यंत हलवल्या नाहीत, दात खाऊन थांबले. आत्या फक्त "हं" म्हणाल्या. तुला रोज शाबासकी मिळायची. मला हे एक "हं" मिळालं. पण ते मी कुणाला देणार नाही. आणि भिडू त्या मला अजून म्हणत नाहीत. दयाच म्हणतात. मी वाट बघते असं काही नाही.

बुधवारी असाच डाव चालला होता. ह्यांनी अंगणातून तुझं पत्र वाचलं, ते कधी नव्हे ते मोठ्यानं. टेम्पो, शनिवार, नळ, विसावा, सगळं. आत्यांच्या मुठीत कवड्या होत्या. त्या वर न बघताच म्हणाल्या, "जाते की. हिचं बी कंबरडं मोकळं हुईल." मला वाटलं, बघ, किती पटकन. एका शब्दानं विचारलं नाही कुणाला, जणू गाठोडं बांधूनच बसल्या होत्या. आणि माझं तोंड तर तू ओळखतेस. मी म्हटलं, "जा. सुटले मी एकदाची." त्यांनी कवड्या टाकल्या. दोन पडले. त्या दोन घरं चालल्या, मी माझं दान टाकलं, आणि डाव तसाच पुढं गेला. कोण जिंकलं मला आठवत नाही.

त्यानंतर पट मांडलेला नाही. तो ट्रंकेत सगळ्यात वर ठेवलाय, भिंगारला काढायला सोपा जावा म्हणून. वाकळांच्या घड्या झाल्या. झुंबरबाई येऊन त्यांच्यापाशी रडून गेली, ती रडते तर आत्या तिलाच समजावतात. मी रडत नाही. मी कामं उरकते. आता दुपारी मला इतका वेळ असतो की कालच्या कालच सगळी बाजरी पाखडून झाली.

तू म्हणशील, जाऊबाई, तुमच्या तोंडात एवढं मावतं तर 'जाऊ नका' एवढं मावत नाही? नाही मावत. मी तीनदा गेले त्यांच्यापुढं. एकदा म्हणाले, "ती निळी वाकळ नेऊ नका, ती माझी आहे." एकदा म्हणाले, "नळापाशी फरशीवर पाय घसरून माणसं मरतात, ऐकलंय मी." तिसऱ्यांदा नुसता चहा ठेवला आणि परत आले. आणि त्याही तसल्याच. मी 'राहा' म्हटल्याशिवाय राहणार नाहीत आणि मी म्हणेन असं त्यांना वाटतही नाही. सुटले म्हटलंय ना मी, ते त्यांनी पदराला बांधून ठेवलंय.

म्हणून हे पत्र. शनिवारी या, पण टेम्पो आणू नका, एसटीनं या. आणि तू आत्यांना सांग की क्वार्टरचं छत गळतंय, किंवा दुसरी खोली अजून ताब्यात आली नाही, किंवा तुला सुचेल ते. शिकलेली आहेस, सुचेल. भाऊजींना सांगायला लावू नकोस, खोटं बोलताना त्यांची मान खाली जाते. मी सांगितलं तर त्या ऐकायच्या नाहीत, ह्यांनी सांगितलं तर जेवायच्या नाहीत. तूच सांग, कारण तुझ्यावर त्या रागावत नाहीत. तुझं काहीही त्यांना गोड लागतं, हेच मला उन्हाळ्यापासून खुपतंय, तर त्याचा एकदा मला उपयोग होऊ दे. सांगताना त्यांच्या तोंडाकडं नीट बघ. तोंड पडलं, तर त्यांना खरंच तुझ्याकडं यायचंय असं समज, मग पुढच्या शनिवारी टेम्पो घेऊन ये, ट्रंक मी माझ्या हातानं वर चढवीन आणि तुला एक शब्द बोलणार नाही. पण जीव भांड्यात पडल्यासारखं तोंड दिसलं, तर गप्प बस, आणि माझ्याकडं बघून हसू तर मुळीच नकोस. माझ्यासाठी काही आणू नकोस. रिकाम्या हातानं ये कृपा, आणि देवाच्या मनात असेल तर रिकाम्याच हातानं जा.

तुझीच थोरली जाऊ,
दया